स्ट्रीमलिटच्या डॉक्समधली गाळलेली ओळ : नाशिकच्या पायथॉनवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
नाशिकमध्ये पायथॉन लिहिणारे, शिकवणारे आणि शिकणारे सर्वजण

विषय : स्ट्रीमलिटच्या प्रत्येक विजेटच्या (म्हणजे पडद्यावरच्या बटन, रकाना, स्लायडर अशा भागाच्या) माहितीत ‘स्क्रिप्ट पुन्हा चालली की ह्याचं काय होतं’ हे लिहिण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

स्ट्रीमलिट ही पायथॉनमध्ये वेब ॲप करायची लायब्ररी. तिचे डॉक्स, म्हणजे वापराची माहिती देणारी पानं, वाईट आहेत अशी तक्रार घेऊन मी आलेले नाही. फुकट मिळणाऱ्या पायथॉन लायब्ररींमध्ये इतके नीटनेटके डॉक्स मी थोडेच पाहिलेत. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ही लायब्ररी सगळ्यांसाठी खुली झाली. मोजक्या ओळींत वेब ॲप उभं राहतं ही तिची तेव्हापासूनची ओळख, आणि सुरुवातीची चार पानं वाचली की खरंच तासाभरात पडद्यावर काहीतरी दिसायला लागतं. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. ॲप दिसायला लागलं, मुनीमजी त्यात आकडे भरायला बसले, आणि भरलेला आकडा डोळ्यांदेखत गेला. इथून पुढे डॉक्स वाचणारा एकटा पडतो. ही जागा आपण भरू शकतो, आणि ती आपणच भरावी असं मला वाटतं.

‘आपणच’ का, ते आधी सांगते. मी छोट्या धंद्यांना अशी ॲप्स करून देते आणि सुट्टीच्या दिवशी शिकवतेही. समोर येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा मूळ धंदा सॉफ्टवेअर नाही. कुणी सातपूरच्या मशीन शॉपमध्ये क्वालिटी बघतो आणि व्हर्नियरची मापं कागदाऐवजी पडद्यावर भरायची म्हणतो. कुणी दिंडोरीकडच्या द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये आहे, त्याला क्रेटची आवक, ब्रिक्स (द्राक्षाची गोडी) आणि मण्यांचा आकार शेतकऱ्यागणिक हवा आहे. कुणाच्या घरचा कांद्याचा व्यापार, त्याला लासलगाव-पिंपळगावचे किमान, कमाल, सरासरी भाव एका जागी हवेत. पायथॉन त्यांना कामापुरतं येतं, एक्सेल तर माझ्याहून चांगलं. ही माणसं अडकतात ती जवळजवळ सगळी एकाच कारणाने, आणि ते कारण लायब्ररी लिहिणाऱ्याच्या इतकं हाडीमांशी खिळलेलं असतं की ते पानापानावर लिहायला हवं हे त्याला सुचणंच कठीण. ते सुचायला नवशिक्याच्या शेजारची खुर्ची लागते. ती खुर्ची आपल्याकडे आहे.

कारण असं. स्ट्रीमलिटमध्ये पडद्यावर काहीही हललं, स्लायडर सरकला, रकान्यात आकडा बदलला, बटन दाबलं, की अख्खी स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पुन्हा चालते. ह्यालाच रीरन म्हणतात. सगळी सोय ह्यातच आहे. इव्हेंट, हँडलर असलं काही न शिकता ॲप होतं ते ह्यामुळेच. आणि सगळी भांडणंही ह्यातूनच निघतात. आपण जपून ठेवलं असं समजतो ते साधं व्हेरिएबल दर रीरनला पुन्हा शून्यावर येतं. टिकवायचं असेल तर सेशन स्टेट, म्हणजे रीरन झालं तरी टिकणारी साठवण, वापरावं लागतं, आणि ती सोयच मुळात २०२१ मध्ये आली.

डॉक्समध्ये हे लिहिलेलं नाही का? लिहिलंय, अगदी पहिल्याच संकल्पनांच्या पानांवर, चित्रांसकट. पण लोक डॉक्सच्या मोठ्या दरवाजाने येत नाहीत. ते गुगलवरून थेट एका फंक्शनच्या पानावर उतरतात, किंवा व्हीएस कोडमध्ये, म्हणजे जिथे कोड लिहितात तिथेच, फंक्शनच्या नावावर माउस नेतात आणि तिथे उघडणाऱ्या चौकटीत जेवढं दिसेल तेवढंच वाचतात. ह्यात त्यांचा आळस दिसत असेल तर तुम्ही स्वतः पांडाज (टेबलं हाताळायची लायब्ररी) कसं वापरता ते आठवा.

बटनाचंच घ्या. त्यातून काय परत मिळतं, ह्याबद्दल त्याच्या माहितीत एकच वाक्य आहे. मराठीत ते साधारण असं होईल : ॲपच्या मागच्या रनमध्ये बटन दाबलं गेलं असेल तर ट्रू, नाहीतर फॉल्स. वाक्य अचूक आहे, एक शब्द इकडचा तिकडे करायची गरज नाही. फक्त ते कळायला रन म्हणजे काय हे आधी कळलेलं हवं, आणि ज्याला ते कळलंय तो हे वाक्य वाचायला येतच नाही. आता आडतीवरचा एक साधा प्रसंग बघा. ‘हिशोबपट्टी काढा’ असं बटन आहे. इफच्या आत, म्हणजे बटन दाबल्यावर, हमाली आणि तोलाई भरायचे दोन रकाने येतात. मुनीमजी बटन दाबतात, रकाने येतात. ते हमालीचा आकडा टाकून एंटर मारतात, आणि रकान्यांसकट सगळा हिशोब पडद्यावरून नाहीसा. कोडमध्ये चूक काही नाही. आकडा टाकल्याने स्क्रिप्ट पुन्हा चालली, ह्या वेळी बटन कुणी दाबलेलं नव्हतं, म्हणून ते फॉल्स, म्हणून इफच्या आतलं काहीच उमटलं नाही. ज्याला हे माहीत आहे त्याला हे वागणं बरोबरच वाटतं. ज्याला माहीत नाही तो इंटरनेटला, लॅपटॉपला आणि शेवटी स्वतःच्या अकलेला दोष देतो.

बटनांच्या ह्या वागण्यावर डॉक्समध्ये वेगळं, सविस्तर आणि चांगलं पान आहे, हेही सांगायला हवं. मी ते शिकवताना वापरते. मुद्दा एवढाच की ते एका पानापलीकडे आहे, आणि माउस नेल्यावर उघडणाऱ्या चौकटीत ते पान येत नाही. तिथे तीन वाक्यं वाढवली तर किती जणांची रात्र वाचेल : ‘बटन एका रनपुरतंच ट्रू असतं. त्याच्या इफच्या आत ठेवलेलं दुसरं विजेट हात लावताच नाहीसं होईल. ते टिकवायचं असेल तर सेशन स्टेटमध्ये खूण करून ठेवा.’ माझी मागणी एवढीच आहे, आणि ती बटनापुरती नाही. प्रत्येक विजेटच्या, प्रत्येक साठवणुकीच्या फंक्शनच्या माहितीत अशी एक-दोन वाक्यं हवीत.

एरर मेसेज हेसुद्धा डॉक्सच असतात. अडलेला माणूस दुसरं काही वाचो न वाचो, लाल चौकट वाचतोच. स्ट्रीमलिटमध्ये त्याचे दोन्ही नमुने सापडतात. शेतकऱ्यांच्या यादीवर लूप फिरवून प्रत्येकाच्या नावापुढे ‘पावती’ असं बटन टाकलं की तक्रार येते : एकाच प्रकारची, सारख्याच मजकुराची दोन बटनं आहेत, त्यांची आपोआप तयार होणारी ओळख एकच होतेय, तेव्हा प्रत्येकाला वेगळी ‘की’ (ओळखीचं नाव) द्या. काय झालं, का झालं आणि काय करायचं, तिन्ही एका दमात. माझ्या वर्गात ह्या एररला कुणी घाबरत नाही.

आता दुसरा नमुना. वजन भरायचा रकाना आहे, त्याची की ‘वजन’. ‘जमा करा’ दाबल्यावर नोंद गेली की रकाना पुन्हा शून्य व्हावा, ही अपेक्षा काही जगावेगळी नाही. म्हणून माणूस खाली लिहितो, सेशन स्टेटमधलं वजन शून्य करा. त्यावर उत्तर येतं की ह्या कीचं विजेट तयार झाल्यानंतर सेशन स्टेटमधली ती किंमत बदलता येत नाही. इथे मेसेज संपतो. बदलता येत नाही, बरं, मग करायचं काय? उपाय सोपा आहे : बटनाला कॉलबॅक, म्हणजे ते दाबल्यावर चालणारं फंक्शन, द्यायचा. रीरन सुरू होताना कॉलबॅक आधी चालतो आणि बाकीची स्क्रिप्ट मागून, त्यामुळे विजेट नव्याने तयार व्हायच्या आत किंमत बदललेली असते. हा क्रम एका ओळीत त्या लाल चौकटीत मावतो. ती ओळ तिथे घालणं हा मूळ कोडमधला छोटासा बदल आहे, आणि आपल्यातल्या कुणालाही तो झेपेल.

आता डेटा एडिटर. ह्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण नाशिकमधल्या कामांसाठी स्ट्रीमलिटमधलं सगळ्यात उपयोगी विजेट हेच, आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारंही हेच. २०२३ मध्ये ते प्रायोगिक अवस्थेतून बाहेर आलं. एक्सेलसारखं टेबल पडद्यावर येतं, चौकटीत टिचकी मारून आकडा बदलता येतो, खाली नवी ओळ जोडता येते. पॅकहाउसमधल्या माणसाला हे दाखवलं की त्याचा चेहरा खुलतो. फॉर्म वगैरे त्याला नकोच असतात.

मग तो जे कोड लिहितो ते बहुधा असं असतं. आवक नोंदीचं टेबल सेशन स्टेटमध्ये ठेवायचं. ते डेटा एडिटरला द्यायचं. एडिटर बदललेलं टेबल परत देतो, ते पुन्हा सेशन स्टेटमध्ये त्याच नावाने ठेवायचं. वाचायला अगदी सरळ. चालवलं की पहिल्या क्रेटचं वजन बदलतं, नीट राहतं. दुसऱ्याचं बदललं की जुनाच आकडा परत येतो. पुन्हा टाकलं की राहतं. तिसऱ्याचं पुन्हा जातं. एकाआड एक नोंद गायब. ह्या चुकीचा वैताग असा की ती अर्धी चालते. पूर्ण बंद पडलेलं ॲप माणूस लगेच खाली ठेवतो. एकाआड एक चालणाऱ्या ॲपवर तो संध्याकाळपर्यंत बसतो, कारण दर वेळी वाटतं आत्ता जमलं.

आत घडतं ते असं. एडिटर मूळ टेबलाला हात लावत नाही. तो फक्त बदलांची यादी धरून ठेवतो : अमुक ओळीत अमुक बदललं, अमुक ओळ नवी, अमुक काढून टाकली. दर रीरनला मूळ टेबलावर ही यादी चढवून तो नवं टेबल आपल्या हातात देतो. आता आपण तेच नवं टेबल मूळ म्हणून परत दिलं, तर त्याच्या दृष्टीने हे वेगळंच टेबल झालं. टेबल वेगळं म्हणजे विजेट वेगळं, आणि वेगळ्या विजेटची बदलांची यादी कोरी. नेमक्या त्याच क्षणी तुम्ही दुसरा आकडा टाकलेला असतो. उपाय एवढाच की मूळ टेबल तसंच राहू द्यायचं, परत मिळालेलं टेबल दुसऱ्या नावाने पुढच्या कामाला घ्यायचं, आणि ‘जतन करा’ दाबल्यावर ते डेटाबेसमध्ये लिहायचं.

हे तुम्हाला कळायला एक परिच्छेद लागला. फंक्शनच्या माहितीत एवढं सगळं नको, तिथे तीन वाक्यं पुरतील. ‘परत मिळालेलं टेबल पुन्हा ह्याच एडिटरला देऊ नका’ हे पहिलं, ‘दिलं तर बदल हरवतील’ हे दुसरं, आणि सविस्तर पानाकडे बोट दाखवणारं तिसरं. परत काय मिळतं हे सांगणाऱ्या वाक्याला चिकटूनच ती हवीत, कारण माणूस चुकतो ते वाचल्यानंतरच्याच ओळीवर.

कॅशबद्दल, म्हणजे एकदा काढलेलं उत्तर साठवून पुन्हा वापरायच्या सोयीबद्दल, थोडक्यात. पूर्वी एकच ‘कॅश’ होतं, २०२३ च्या सुरुवातीला त्याचे दोन भाग झाले : कॅश डेटा आणि कॅश रिसोर्स. नावं बदलली तसे जुने लेख आणि जुनी उत्तरं मागे उरली, आणि आता एआयला विचारलं तरी ते अधूनमधून जुनंच नाव पुढे करतं. पण नावापेक्षा मोठी अडचण वेगळी. भाव वाचणाऱ्या फंक्शनवर कॅश डेटा लावलं आणि मुदत दिली नाही, तर एकदा आणलेलं उत्तर ॲप चालू असेपर्यंत तसंच राहू शकतं. सकाळच्या सत्रातला कांद्याचा भाव दुपारच्या लिलावातही पडद्यावर ताजा म्हणून झळकतो आणि कुणाला शंकाही येत नाही. शिवाय ही साठवण सहसा एका माणसापुरती नसते, ॲप उघडणाऱ्या सगळ्यांना मिळून एकच असते. सेशन स्टेट मात्र ज्याचं त्याचं. हा फरक ज्याने ओळखला नाही त्याच्या ॲपमध्ये एका शेतकऱ्याचा हिशोब दुसऱ्याला दिसायची सोय आपोआप होऊन बसते. आणखी एक : ज्या पॅरामीटरचा हॅश (तो बदलला का हे ओळखायची खूण) काढता येत नाही त्याच्या नावाआधी अंडरस्कोर लावा, असं एरर सांगतं. डेटाबेसच्या कनेक्शनला ते ठीकच. पण एरर गेला ह्या आनंदात माणूस कुठल्याही पॅरामीटरला अंडरस्कोर लावत सुटतो, आणि मग तो पॅरामीटर बदलला तरी उत्तर जुनंच. त्या एररच्या शेवटी एक अर्ध वाक्य हवं : ‘मात्र ह्याच्या बदलाकडे ह्यापुढे लक्ष दिलं जाणार नाही.’

बाकीच्या जागा तुम्हीही ओळखाल. दुसऱ्या पानावर जाऊन परत आलं की रकाना कोरा होतो, कारण जे विजेट त्या रनमध्ये उमटलं नाही त्याची किंमत स्ट्रीमलिट काढून टाकतं. पान रिफ्रेश केलं की सेशन स्टेट नव्याने सुरू होतं. बाजार समितीच्या आवारात, मोबाईलच्या एका कांडीच्या नेटवर्कवर, माणूस पहिली गोष्ट करतो ती रिफ्रेश.

हे सगळं लिहायचं कुठे? इथे एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. स्ट्रीमलिटच्या संकेतस्थळावरची फंक्शनची माहिती वेगळी लिहिली जात नाही. ती कोडमधल्याच डॉकस्ट्रिंगमधून, म्हणजे फंक्शनच्या आतच लिहून ठेवलेल्या माहितीतून, तयार होते. म्हणजे डॉकस्ट्रिंगमध्ये एक वाक्य घातलं की ते संकेतस्थळावर जातं, व्हीएस कोडच्या त्या चौकटीत जातं, आणि पायथॉनच्या हेल्पमध्ये किंवा खुद्द ॲपमध्ये स्ट्रीमलिटचं हेल्प फंक्शन वापरलं तर तिथेही दिसतं. लायब्ररी इन्स्टॉल करतानाच ते तुमच्या मशीनवर येतं, म्हणून इंटरनेट नसलं तरी वाचता येतं. सिन्नरच्या शेडमध्ये वायफाय गेलं की संकल्पनांचं सुंदर पान काही कामाचं नसतं, डॉकस्ट्रिंग मात्र तिथेच असते. एवढ्याकरता माझा आग्रह नव्या ट्यूटोरियलचा नाही. ट्यूटोरियल उदंड आहेत.

कामाची पद्धतही अवघड नाही. लायब्ररीचं कोड गिटहब ह्या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर एका रिपॉझिटरीत (कोठारात) आहे, डॉक्सचा मजकूर दुसऱ्या. डॉक्सची पानं मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणांच्या मजकुरात, आहेत. बटनाची डॉकस्ट्रिंग हवी असेल तर कोडच्या रिपॉझिटरीत विजेट्सच्या फोल्डरमध्ये बटनाच्याच नावाची फाइल आहे. बदल डॉकस्ट्रिंगमध्ये करायचा की डॉक्सच्या पानात, हे ठरवल्याशिवाय हात घालू नका; चुकीच्या रिपॉझिटरीत बदलाची मागणी टाकली की तपासणाऱ्याचाही वेळ जातो आणि आपलाही.

आता नको त्या गोष्टी. नमुन्यांतली गावं बदलायच्या भानगडीत पडू नका. शिकवणीच्या ॲपमध्ये न्यूयॉर्कमधल्या उबरच्या फेऱ्या आहेत, नकाशाच्या उदाहरणातले ठिपके सॅन फ्रान्सिस्कोभोवती पडतात, मोठा आकडा दाखवणाऱ्या मेट्रिक विजेटच्या नमुन्यात तापमान ७० अंश फॅरनहाइट आहे. ह्यावरून आपल्याकडे बराच विनोद होतो, आणि कुणीतरी उत्साहाने सांगतं की आपण ते ठिपके पंचवटीवर आणू. आणा की, तुमच्या ॲपमध्ये आणा. २० अक्षांश, ७३.८ रेखांश टाकलं की नाशिक येतं. पण ठिपके कुठे पडतात ह्यावाचून आजवर कुणी अडलेलं मी पाहिलेलं नाही. तारखेचंही तेच : रकान्यात वर्ष आधी येतं म्हणून कुरकुर होते, पण दिवस-महिना-वर्ष हा क्रम फॉरमॅटमध्ये देता येतो आणि ते त्या पानावर लिहिलेलंही आहे. लाखाच्या स्वल्पविरामाची गोष्ट मात्र वेगळी. पायथॉनचं नेहमीचं फॉरमॅटिंग साडेबारा लाख १,२५०,००० असे छापतं, आणि ते बघून आडतदार कपाळाला आठ्या घालतो. तो प्रश्न पायथॉनचा आहे, स्ट्रीमलिटच्या डॉक्समध्ये त्याचं ओझं नको.

डॉक्सचं मराठी भाषांतर करू या, असंही दर बैठकीत कुणीतरी म्हणतं. मनापासून म्हणतं, म्हणून नीट उत्तर देते. पायथॉनच्या मूळ डॉक्सच्या भाषांतरांची रीत २०१७ च्या पेप ५४५ ह्या पायथॉनच्या सुधारणा-प्रस्तावाने घालून दिली. त्यामागे यंत्रणा आहे : मूळ वाक्य बदललं की भाषांतरातलं कुठलं वाक्य शिळं झालं ते कळतं, आणि प्रत्येक भाषेची जबाबदारी घेणारी माणसं ठरलेली आहेत. अशी यंत्रणा आणि कायम राहणारी चार माणसं नसतील तर भाषांतर पहिल्या काही आवृत्त्यांतच मागे पडतं, आणि शिळे डॉक्स नसलेल्या डॉक्सपेक्षा वाईट. वाचणाऱ्याचा त्यावर विश्वास असतो ना. आधी मूळ इंग्रजी वाक्यं सोपी आणि पुरी करू. त्याचा फायदा मालेगावच्या मुलालाही होतो आणि मनिलाच्याही. मराठीत बोलायचं ते वर्गात, बैठकीत, व्हिडिओत बोलूच. तिथे शिळं झालं तर निदान तारखेवरून कळतं.

प्राध्यापक मंडळींना स्वतंत्र विनंती. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत चेहरा ओळखून हजेरी लावणारं ॲप आता पुरे झालं. (२०२७ च्या सिंहस्थाच्या गर्दीचा डॅशबोर्ड त्याची जागा घेणार असं दिसतंय.) एखाद्या गटाला डॉक्सचं काम द्या. त्यांनी दहा नवशिक्यांना एक छोटं ॲप करायला बसवावं, गप्प बसून बघावं, कोण कुठे अडलं ते लिहावं, त्या प्रत्येक जागेचं डॉक्समधलं वाक्य शोधावं आणि नवं सुचवावं. परीक्षकाला पडद्यावर चमकदार काही दाखवता येणार नाही, हे मान्य. पण नोकरीच्या मुलाखतीत ‘तुमचं वाक्य अमुक लायब्ररीत आहे’ हे दाखवणं हजेरीच्या ॲपपेक्षा वजनदार ठरेल, ह्यावर मी पैज लावायला तयार आहे.

हे काम नाशिकला परकंही नाही. गोवर्धनला १९८९ पासून मुक्त विद्यापीठ आहे. शेजारी शिक्षक नाही, वर्गमित्र नाही, संध्याकाळी कामावरून येऊन एकट्याने पुस्तक उघडणारा विद्यार्थी, ह्याच्यासाठी पुस्तकं लिहायची विद्या तिथे आहे. स्वयं-अध्ययनाचं साहित्य लिहिताना वाचणारा कुठे थांबेल, कुठला शब्द त्याला आधी सांगितलेला नाही, हे पानापानावर तपासावं लागतं. तंत्रज्ञानाच्या डॉक्ससाठी लोक डानिएले प्रोसिडा ह्यांची डायटॅक्सिस ही मांडणी वाचतात : शिकवणी, कृती, संदर्भ आणि स्पष्टीकरण हे चार प्रकार वेगळे ठेवा. मीही ती मानते. पण संदर्भाच्या पानावर स्पष्टीकरणाची सावलीसुद्धा पडू द्यायची नाही इतकं सोवळं पाळलं की बटनाच्या त्या वाक्यासारखी वाक्यं तयार होतात. मुक्त विद्यापीठात लेखन-संपादन केलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर आमच्याबरोबर एकदा बसा. पायथॉन येत नसलं तर उत्तमच.

हॅकेथॉन भरवणाऱ्यांना एक सावधगिरीची गोष्ट. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे मुक्त प्रकल्पांना हातभार लावायच्या ऑक्टोबरमधल्या उपक्रमात, टी-शर्ट मिळवायला लोकांनी जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा पाऊस पाडला. रीडमीमध्ये (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये) एखादं विशेषण जोडायचं आणि पाठवून द्यायचं. प्रकल्प सांभाळणारे इतके वैतागले की आयोजकांना नियम बदलून, ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिलाय तेवढेच मोजायचे असं ठरवावं लागलं. आपल्या कामाचा तसा पाऊस व्हायला नको. एका वेळी एक फंक्शन. सुचवलेलं वाक्य खरं आहे हे दाखवणारं छोटं ॲप सोबत. ताज्या आवृत्तीवर चालवून पाहिलेलं, कारण वागणं बदलत असतं. २०२४ मध्ये फ्रॅगमेंट आल्यापासून ‘अख्खी स्क्रिप्ट पुन्हा चालते’ हे वाक्यसुद्धा सरसकट खरं राहिलेलं नाही, फ्रॅगमेंटच्या आतलं विजेट हललं तर तेवढाच तुकडा पुन्हा चालतो. आणि एआयकडून लिहून घेतलेला मजकूर न वाचता पाठवू नका. तपासणाऱ्याला तो दुसऱ्या ओळीत ओळखू येतो.

प्रमाणपत्रं, ट्रॉफी, फ्लेक्स ह्यांपैकी काही नको. लॅपटॉप, चहा आणि कधी पायथॉनला हात न लावलेले दोन-तीन शेजारी बोलवा, एवढं पुरतं.

स्ट्रीमलिट सोडून दुसरं काही वापरणाऱ्यांनी पत्र इथे मिटू नये. प्लॉटलीचं डॅश कॉलबॅकवर चालतं, तिथे रीरनचा प्रश्न नाही, पण कुठला कॉलबॅक कधी चालतो हा आहेच. ग्रेडिओत स्टेट प्रत्येक माणसाचं वेगळं की सगळ्यांचं एक, हा प्रश्न तिथेही पडतो. नाइसजीयूआयची माणसं शहाणी : त्यांचं डॉक्सचं संकेतस्थळच नाइसजीयूआयमध्ये लिहिलेलं आहे, कोडशेजारी चालतं उदाहरण दिसतं, हात लावून बघता येतं. बटन दाबल्यावर काय होतं हे तिथे वाचावं लागत नाही. स्ट्रीमलिटच्या पानांवरही नमुना ॲप्स असतात. त्यांत एखादं मुद्दाम मोडलेलं ॲप का असू नये? हिशोबपट्टीचे रकाने नाहीसे होतात ते पाहणाऱ्याने स्वतःच्या हाताने घडवावं, आणि शेजारी दुरुस्त केलेलं ॲप असावं. हे डॉकस्ट्रिंगपेक्षा मोठं काम आहे, म्हणून दुसऱ्या फेरीसाठी ठेवलंय.

पहिल्या फेरीत बटन आणि डेटा एडिटर मी घेतलेत. बटनाची वाक्यं लिहून झाली आहेत. इंग्रजी तपासायला कुणीतरी हवं आहे, शक्यतो ज्याला माझं इंग्रजी आवडत नाही असं. कॅश डेटाच्या मुदतीचं वाक्य बाजारभावांवर काम करणाऱ्या कुणीतरी उचलावं, त्यांच्याकडे शिळ्या भावाची उदाहरणं तयार असतील. विजेट तयार झाल्यानंतर किंमत बदलली की येणाऱ्या त्या अर्धवट एररला कोडमध्ये हात घालावा लागेल, तेव्हा त्यासाठी टेस्ट लिहिता येणारा माणूस पाहिजे. फाइल अपलोडर, फॉर्म आणि अनेक पानांच्या ॲपमधले कोरे होणारे रकाने अजून कुणाच्याच नावावर नाहीत.

आपली,
गंगापूर रोडवरची एक पायथॉनवाली